पुढे मऊ, मागे कडक

टायर मऊ घ्यावेत की कडक, या प्रश्नावरून माझ्या मुलीचा संसार टांगणीला लागेल असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. तसा टायर हा विषय मला नवा नाही. मी विमा कंपनीत अपघातांचे दावे तपासतो. टायर फुटून झालेले, घसरून झालेले, आणि टायरवर ढकललेले पण प्रत्यक्षात मेव्हण्याने गाडी चालवल्यामुळे झालेले, असे सगळे अपघात माझ्या टेबलावरून गेलेले आहेत. फक्त त्यांतली एकही गाडी खुर्चीखाली ठेवता येईल एवढी नव्हती.

ही होती. जावयाची. तिला शॉर्ट कोर्स ट्रक म्हणतात. ओसाड मैदानांत धिप्पाड ट्रकांच्या शर्यती होतात म्हणे. त्यातल्या ट्रकची ही हातभर लांबीची नक्कल. अंगावर रंगीत टप, चाकं जवळजवळ झाकलेली, आणि रिमोटचा खटका दाबला की अंगावर पाणी पडलेल्या मांजरासारखी सुटणारी. लेक आणि जावई नोकरीच्या निमित्ताने काही महिने परगावी गेले, तेव्हा ट्रक आमच्याकडे ठेवून गेले. अधूनमधून बॅटरी चार्ज करा, एवढंच जावयाने सांगितलं होतं. कुंडीतल्या झाडाला पाणी घालावं तशी मी ती इमानेइतबारे चार्ज करत होतो.

लेकीने मात्र जाताना मला वेगळं बाजूला घेतलं होतं. माझ्या सासऱ्यांशी वाद घालू नका, असं तिने बजावलं. तिचं म्हणणं असं की, समोरचा बोलायला लागला की माझ्या चेहऱ्यावर ‘दावा नामंजूर’ असा शिक्का उमटतो. हा निव्वळ आरोप आहे. पण लेकीचा शब्द म्हणून मी ठरवलं, व्याह्यांपुढे ‘नाही’ हा शब्द उच्चारायचाच नाही.

आमचे व्याही दंतवैद्य. स्वच्छ, मितभाषी, नखं कायम कापलेली. दर रविवारी ते आणि विहीणबाई आमच्याकडे येत, किंवा आम्ही त्यांच्याकडे जात असू. बायकांचं पहिल्या चहातच गूळपीठ जमलं होतं. आम्ही दोघे पुरुष मात्र समोरासमोर बसून एकमेकांचा आदर करत असू. आदर करणं हे फार थकवणारं काम आहे. मी त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणायचो, ते मला ‘व्याहीबुवा’. हवा झाली, रक्तदाब झाला, की आम्ही दोघे पंख्याकडे बघत बसायचो.

अशाच एका रविवारी जावयाचा फोन आला. बोलता बोलता तो म्हणाला की त्याच्या ट्रकवाल्या क्लबची वार्षिक शर्यत जवळ आली आहे, त्याचं नाव आधीच नोंदवलेलं आहे आणि ते आता फुकट जाणार. मग हसत हसत म्हणाला, “नाहीतर असं करा, तुम्ही दोघंच जाऊन या.”

तो गंमत करत होता. मला ते कळलं. डॉक्टरांनाही कळलं असावं. पण डॉक्टर माझ्याकडे बघत होते, म्हणून मी म्हटलं की डॉक्टरसाहेबांची इच्छा असेल तर माझी ना नाही. डॉक्टर म्हणाले की व्याहीबुवांचा एवढा उत्साह आहे तर तो मोडणारा मी कोण. अशा रीतीने, जायची इच्छा नसलेली दोन माणसं त्या शर्यतीत उतरली.

ट्रकचे टायर पार गुळगुळीत झाले होते, तेव्हा नवे घेणं आलं. दोघांनीही आपापल्या घरी गुपचूप अभ्यास केला. या टायरांना रबराचे बारीक बारीक दाते असतात. मऊ रबर मातीला धरतं पण लवकर झिजतं; कडक रबर टिकतं पण ओल्या मातीवर सरकतं. मी मऊच्या बाजूचा झालो. मोटार पळाली नाही तरी चालेल, पण ती जमिनीला धरून असावी, असा विमेवाल्याचा पिंडच असतो. डॉक्टर कडकच्या बाजूचे. दाते म्हटल्यावर ते टिकावेत, ही त्यांची आयुष्यभराची भूमिका. एकमेकांची बाजू आम्हाला बायकांकडून कळली होती.

दुकानात मात्र विपरीत घडलं. दुकानदाराने विचारल्याबरोबर मी डॉक्टरांचं मन राखायला कडक टायरांची स्तुती सुरू केली. डॉक्टरांनी लगोलग मऊ टायरांची. मी कडकसाठी हटून बसलो, ते मऊसाठी. दोघेही मनात नसलेल्या बाजूने इतके तळमळून बोलत होतो की आमच्या मागे आलेली तीन-चार गिऱ्हाइकं माल घेऊन गेली तरी आम्ही तिथेच. शेवटी दुकानदार कंटाळला. म्हणाला, “असं करा, पुढे मऊ लावा, मागे कडक. दोघांचंही राहील.”

दोघांचंही राहील, हे ऐकून आम्हाला भरून आलं. दोघांनी एकदम मान डोलावली. ट्रकचं काय राहील, हा विचार त्या प्रेमळ क्षणी कुणाच्याच मनात आला नाही.

टायर रिमवर चिकटवावे लागतात, हे आम्हाला घरी पुडकं सोडल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, चिकटवणं हे तर त्यांचं रोजचं काम, दवाखान्यात या. दवाखान्यात त्यांनी हातमोजे घातले, दिवा खाली ओढला आणि टायर ट्रेमध्ये मांडले. तोंडात घालायच्या छोट्या आरशाने ते रिमची मागची बाजू बघत आणि मधूनच ‘अं’ करत. ते ‘अं’ ऐकून माझी दाढ उगाच ठणकायला लागली. मला त्यांनी फक्त चाक घट्ट धरून ठेवायला सांगितलं होतं. मी ते इतकं मनापासून धरलं की तिसरं चाक हातातून सुटेना. गोंद ओघळून माझा अंगठा टायरला चिकटला होता.

डॉक्टरांना सांगावं तर त्यांच्या कामात खोट काढल्यासारखं होणार. मी बराच वेळ ते चाक कौतुकाने निरखत असल्याचा आव आणला. शेवटी चौथं चाक हवं म्हणून त्यांनी हात पुढे केला, तेव्हा लबाडी उघडी पडली. गोंद सोडवायच्या औषधाची बाटली बाहेरच्या कपाटात होती. बाटली शोधायला डॉक्टर पुढे आणि हात वर धरून मी मागे, असे आम्ही बाहेर आलो. तिथे गाल सुजलेला एक गृहस्थ आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. त्याने माझ्या हाताला लागलेलं चाक पाहिलं. इतक्यात डॉक्टर मला धीर देत म्हणाले, “काढताना जरा कळ लागेल.” तो गृहस्थ उठला आणि निघून गेला. त्याची दाढ आपोआप बरी झाली असावी, कारण तो परत कधी आला नाही.

चाकं लागली. आता परीक्षा. आमच्या इमारतीच्या वाहनतळात मी ट्रक खाली ठेवला आणि खटका दाबला. ट्रक पुढे जाण्याऐवजी स्वतःभोवतीच फिरला. पुन्हा दाबला, पुन्हा फिरला. पुढची चाकं जमिनीला चिकटून बसायची आणि मागची घसरत पुढे यायला बघायची. कुत्रं स्वतःच्या शेपटीमागे लागावं तसा प्रकार. डॉक्टर म्हणाले, छान पळतोय. मी म्हटलं, फारच छान.

खालच्या मजल्यावर राहणारे ड्रायव्हिंग स्कूलवाले शेजारी हे सगळं गॅलरीतून पाहत होते. शेजाऱ्याला आपल्या विषयातलं काही दिसलं आणि तो घरात बसून राहिला, असं अजून कुठल्याही इमारतीत घडलेलं नाही. ते खाली आले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की रिकामा ट्रक घसरणारच, ट्रकला मागे माल पाहिजे. डॉक्टरांना हे पटलं, असं दिसलं. म्हणून मलाही पटलं. मी वर जाऊन आमच्या खलबत्त्यातला बत्ता आणला आणि तो ट्रकच्या मागच्या भागात दोरीने बांधला.

यावेळी ट्रक फिरला नाही. खटका दाबताच तो घोड्यासारखा मागच्या दोन चाकांवर उभा राहिला, दोरी सुटली, आणि बत्ता सोसायटीच्या अध्यक्षांच्या गाडीच्या दारावर जाऊन आदळला.

अध्यक्ष सज्जन गृहस्थ. त्यांनी आरडाओरडा केला नाही. रीतसर विम्याचा दावा केला. दुर्दैवाने विमा आमच्याच कंपनीचा होता. ‘ट्रकमधून पडलेल्या वस्तूमुळे नुकसान’ असं त्यात खरं तेच लिहिलं होतं. दावा माझ्या विभागात आला आणि नियमाप्रमाणे स्वतःच्या प्रकरणाची चौकशी मला करता येईना. तेव्हा माझ्याच हाताखाली काम करणारी, मीच शिकवून तयार केलेली तपासनीस बाई माझ्या घरी आली, माझ्याच सोफ्यावर बसली आणि तिने मला ट्रकचालकाचं नाव विचारलं. मी माझं सांगितलं. अवजड वाहनाचा परवाना आहे का, म्हणाली. मी ट्रक खुर्चीखालून काढून तिच्यापुढे ठेवला. तिने त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, “साहेब, माल क्षमतेपेक्षा जास्त होता का?” हा प्रश्न मीच तिला शिकवलेला होता. मी म्हटलं, होता.

एवढं झाल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने व्याह्यांना सरळ सांगितलं असतं, की डॉक्टरसाहेब, हे टायर चुकले. मी तसं बायकोला बोलूनही दाखवलं. ती म्हणाली की दोन टायरांसाठी लेकीच्या घरी वाकडेपणा नको. मग मी मधला मार्ग काढला. मऊ टायरांचा, रिमसकट, पूर्ण नवा संच परगावच्या दुकानातून परस्पर मागवला. शर्यतीच्या आदल्या दिवशी गुपचूप बसवून टाकायचा, आणि डॉक्टरांनी विचारलंच तर हेच ते टायर, रंग जरा उतरलाय, असं सांगायचं.

पार्सल शर्यतीच्या आदल्या दिवशीच आलं. मी कार्यालयातून लवकर निघून पार्सल ऑफिसात पोचलो. खिडकीवरच्या कारकुनाने चिठ्ठी वाचून सांगितलं की ट्रकचे सुटे भाग इथे मिळत नाहीत, मालाच्या खिडकीवर जा. आणि येताना वाहनाचा नंबर आणा. मी म्हटलं, वाहन लहान आहे. मग टेम्पो म्हणा, तो म्हणाला. मी दोन हातांनी आकार दाखवला. त्याने माझ्या दोन हातांमधल्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि मला बाकावर बसायला सांगितलं.

बाकावर डॉक्टर बसले होते.

दोघेही चपापलो. मी विचारलं, इकडे कुठे? ते म्हणाले, एक पत्र यायचं होतं. तुम्ही? मी म्हटलं, माझंही पत्रच. मग आम्ही दोघे शेजारी बसून पंख्याकडे बघू लागलो. सुदैवाने तिथेही पंखा होता.

थोड्या वेळाने मालाच्या खिडकीतून हाक आली, “ट्रकची चाकं, चार! मालक कोण?” मी हललो नाही. डॉक्टरही हलले नाहीत; फक्त त्यांचे कान लाल झाले. पुन्हा हाक आली, “ट्रकची चाकं, आणखी चार! एक संच मऊ, एक कडक. अरे, एवढ्या ट्रकवाल्यांतला एकही आला नाही का?” बाकावरचे सगळे इकडेतिकडे बघायला लागले, म्हणून आम्हीही इकडेतिकडे बघितलं.

तेव्हा मला सगळा उलगडा झाला. डॉक्टरांना झाला असणारच. पण उठून ‘ते माझं’ म्हणायचं म्हणजे तुमच्या पसंतीचे टायर मला मान्य नव्हते, असं चारचौघांत कबूल करण्यासारखं होतं. मी ठरवलं, डॉक्टर गेले की उठायचं. डॉक्टरांनी ठरवलं, व्याहीबुवा गेले की उठायचं. आम्ही एकमेकांना ‘तुम्हाला उशीर होत असेल’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं. दोघांनाही मुळीच उशीर होत नव्हता. शेवटी खिडक्या बंद झाल्या, पंखा बंद झाला, आणि शिपायाने आम्हाला दोघांनाही बाहेर काढून कुलूप लावलं. पायऱ्या उतरताना डॉक्टर म्हणाले की पत्रं हल्ली वेळेवर येत नाहीत. मी म्हटलं, नाही येत.

अशा प्रकारे आम्ही शर्यतीला पुढे मऊ आणि मागे कडक असेच गेलो.

शर्यतीचं मैदान म्हणजे तांबड्या मातीचा, चढउतारांचा, वळणावळणांचा रस्ता, आणि एका बाजूला स्पर्धकांनी उभं राहायचा लाकडी मंच. स्पर्धक सगळे चांगले मोठे, संसारी लोक. एक वकील होते, एक नळ जोडणारे होते, क्ष-किरण काढणाऱ्या एक बाई होत्या आणि त्यांना सगळे घाबरून होते. बायको आणि विहीणबाई छत्र्या घेऊन खुर्च्यांवर बसल्या होत्या. धूळ बसावी म्हणून मातीवर नुकतंच पाणी मारलेलं. ओल्या मातीवर मागचे कडक टायर काय करतील, हे आता मला पाठ होतं.

चालवायचं कोणी, हा प्रश्न आम्ही रीतीप्रमाणे शेवटपर्यंत सोडवला नव्हता. तुम्ही चालवा, छे, तुम्हीच, असं मंचावर चढेपर्यंत चाललं होतं. रिमोटला एका बाजूला छोटं सुकाणूचं चाक असतं आणि दुसऱ्या बाजूला वेगाचा खटका. तो पुढे ढकलला की ब्रेक. डॉक्टरांनी तोड काढली. चाक ते धरतील, खटका मी. संयोजकांनी नियमांचा कागद उलटसुलट करून पाहिला. एका गाडीला दोन चालक नसावेत, असं त्यात कुठे लिहिलेलं नव्हतं. कारण असं कुणी करेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

शिट्टी झाली. सगळे ट्रक सुटले. आमचाही सुटला आणि पहिल्याच वळणावर गर्रकन फिरून ज्या दिशेने आला होता तिकडे तोंड करून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, “व्याहीबुवा, हरकत नसेल तर आपण वळणाच्या आधी वेग जरा कमी करावा, असं मला—” त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत आम्ही दुसऱ्या वळणावर उलटे झालो होतो. मी म्हटलं, “डॉक्टरसाहेब, आपण जर कृपा करून चाक थोडं अलीकडेच—” आणि आम्ही तिसऱ्या वळणावरच्या पाण्याच्या पाइपावर चढलो.

मराठीतला आदर लांबलचक असतो. बैठकीच्या खोलीत तो शोभतो. पण हातभर ट्रक वाऱ्यासारखा पळत असताना आदरार्थी बहुवचन वळणावर मावत नाही. क्रियापद येईपर्यंत अपघात होऊन जातो. चौथ्या वळणाशी आम्ही असे पोचलो की समोर बांध, मागून सगळा तांडा एक फेरी जास्त मारून येतोय, आणि माझ्या बोटाला काही केल्या खटका सोडायचं सुचेना.

“अरे गाढवा, सोड ना ते!” डॉक्टर म्हणाले.

वकिलांनी आपला ट्रक थांबवून आमच्याकडे पाहिलं. खाली विहीणबाईंच्या हातातली छत्री कलंडली, आणि माझ्या बायकोने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांचं तोंड स्वतःच्याच बोलण्याने उघडं राहिलं होतं. त्यांचे स्वतःचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आणि मी? मी खटका सोडला. ट्रक वळणातून स्वच्छ बाहेर पडला.

“सोडलाय,” मी म्हटलं. “आता तू चाक सरळ धर. दाढ उपटतोयस का?”

“दाब मग!”

“दाबतोय! हे टायर कोणी निवडले?”

“तूच! कडक कडक म्हणून नाचत होतास!”

“तुला आवडतात म्हणून! मला मऊच हवे होते!”

“मग बोलायला काय झालं होतं? सोड! डावीकडे घेतोय, सोड!”

मी सोडला, त्याने वळवलं, मी दाबला. गेल्या कित्येक रविवारचं साचलेलं सगळं आम्ही त्या मातीवर ओतलं. मला त्याचा दवाखान्यातला ‘अं’ सहन होत नव्हता; त्याला माझा नामंजूर चेहरा. त्याच्याही मुलाने त्याला बजावून ठेवलं होतं, हे मला सहाव्या वळणावर कळलं. दुकानदाराला काही समजत नाही, याबद्दल आमचं एका उडीच्या मधोमध, ट्रक हवेत असताना, संपूर्ण एकमत झालं. ट्रकही बहुधा भांडण ऐकायला कान टवकारून होता. तो फिरायचा विसरला. नळ जोडणाऱ्यांचा ट्रक चढावर उलटला आणि आम्ही त्यांच्या बाजूने पुढे गेलो, तेव्हा आम्ही दोघे असे ओरडलो की क्ष-किरणवाल्या बाई दचकल्या. अर्थात शर्यत त्यांनीच जिंकली. आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटून दुसरं येण्यात काय सुख आहे, ते कायम मधल्या नंबरात राहणाऱ्या माणसाला कळायचं नाही.

मंचावरून उतरलो तर खाली दोघी उभ्या. विहीणबाई माझ्या बायकोची क्षमा मागत होत्या, बायको त्यांची. विहीणबाईंनी डॉक्टरांना विचारलं, हे काय बोलणं झालं? डॉक्टर कपाळ पुसत म्हणाले की तो खरंच खटका सोडत नव्हता. मी म्हटलं, हे खरं आहे. बायकोने माझ्याकडे, मग डॉक्टरांकडे पाहिलं आणि थर्मासमधला चहा ओतायला घेतला. तिला हसू आवरत नव्हतं, म्हणून ती पाठ करून ओतत होती.

चहा अर्धवट राहिला. क्लबचा रिवाज असा की, ज्यांची शर्यत संपली त्यांनी पुढच्या शर्यतीत वळणांवर उभं राहून उलटलेले ट्रक सुलटे करायचे. संयोजक दोन पिवळी जाकिटं घेऊन आले. एक मला ढगळ झालं, दुसऱ्याची चेन डॉक्टरांच्या पोटाशी थबकली. संयोजकांनी वहीत नोंद करायला म्हणून माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरांना विचारलं, हे तुमचे कोण?

डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, क्ष-किरणाने दाढेकडे पाहावं तसं.

“हा माझ्या सुनेचा बाप,” ते म्हणाले. “ब्रेक लावता येत नाही त्याला.”

कार्यालयात मला नोकरीत बढती मिळाली तेव्हा साहेबांनी माझ्याबद्दल भाषण केलं होतं, त्यात बरेच चांगले शब्द होते. पण माझी ओळख इतक्या आपुलकीने आजवर कुणी करून दिलेली नाही. एवढ्यात आम्हाला दिलेल्या वळणावर कुणाचा तरी हिरवा ट्रक कोलांट्या खात येऊन पालथा पडला. डॉक्टर ओरडले, “पळ!” आणि मी चिखलातून पळालो.